चार रात्रींसाठी भूमध्य समुद्राकाठचे गाव : कोणते निवडावे?

इझारकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकमध्ये राहतो. या उन्हाळ्यात माझे आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन चार रात्रींसाठी भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या लहान गावी जावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. यापेक्षा जास्त रजा मिळणार नाही. बाबांचे बालपण हर्णैला गेले असल्यामुळे समुद्र दिसला की पाण्यात उतरल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही, पण आता गुडघ्यांमुळे जिने चढणे-उतरणे त्यांना त्रासाचे होते. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. बाबा मासे आवडीने खातात.

सध्या माझ्या यादीत ग्रीसमधील सांतोरिनी बेट आणि इटलीतील पोझितानो व चिंक्वे तेर्रे ही तीन नावे आहेत. ज्यांनी वडीलधाऱ्यांना घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गावाचे नाव सुचवताना ते का सुचवत आहात, हेही लिहिलेत तर निर्णय घेणे सोपे जाईल.

दर्यावर्दी

तुमच्या यादीतील तिन्ही ठिकाणे सुंदर आहेत, पण तुमच्या बाबांसाठी तिन्ही अयोग्य आहेत आणि त्याचे कारण एकच आहे. ही गावे समुद्राकाठी असण्यापेक्षा समुद्रावर झुकलेल्या उतारावर वसलेली आहेत. सांतोरिनीची छायाचित्रे आपण पाहतो ती फिरा आणि इया या गावांची. ती ज्वालामुखीच्या कड्यावर, समुद्रापासून बरीच उंच आहेत. पोहण्याचे किनारे, म्हणजे कामारी आणि पेरिसाची काळ्या वाळूची पुळण, बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत, त्यामुळे रोज बस किंवा गाडी करून समुद्रावर जावे लागते. पोझितानोमध्ये मुख्य रस्ता वर आणि किनारा खाली आहे आणि मधले बहुतेक अंतर पायऱ्यांनीच उतरावे लागते. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांपैकी मोठी वाळूची पुळण फक्त मोंतेरोस्सोला आहे. कोर्निलिया या गावाला तर रेल्वे स्थानकापासून वर जायला सुमारे ३८० पायऱ्या आहेत.

मुक्काम चारच रात्रींचा असेल तेव्हा मी गावाची कीर्ती शेवटी पाहतो. घराचे दार बंद केल्यापासून पाय पाण्यात बुडेपर्यंत किती वेळ जाईल, हा पहिला प्रश्न. राहत्या खोलीपासून पाण्यापर्यंत सपाट रस्त्याने चालत जाता येते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सहा तासांपेक्षा जास्त असेल तर जाण्यायेण्यात दोन दिवस संपतात. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर वडीलधारी माणसे दिवसातून एकदाच समुद्रावर जातात आणि उरलेला वेळ खोलीत बसून काढतात. हर्णैच्या माणसाला सकाळी एकदा आणि दिवेलागणीला पुन्हा एकदा पाण्यावर जाता आले पाहिजे. हे जिथे जमते ते गाव निवडावे.

फणसगरे

दर्यावर्दी यांची कसोटी मान्य करूनच मी सिसिलीतील चेफालूचे नाव सुचवतो. पालेर्मो विमानतळावरून रेल्वेने पालेर्मो शहराच्या मुख्य स्थानकावर यायचे आणि तेथे गाडी बदलून किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण तासाभरात चेफालूला उतरायचे. गाडी भाड्याने घेण्याची गरज पडत नाही. लांब, वाळूची आणि उथळ पाण्याची पुळण थेट जुन्या गावाला लागून आहे. इतके जुने गाव आणि इतकी चांगली पुळण एकमेकांना चिकटून असणे भूमध्य समुद्राकाठीही दुर्मीळ आहे.

गाव नुसते पोहण्यापुरते नाही. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ साली येथील कथीड्रल बांधायला घेतले. आतील सोनेरी पार्श्वभूमीचे ख्रिस्ताचे भव्य मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, बायझंटाईन शैलीचे आहे. पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वास्तूंबरोबर हे कथीड्रलही २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अरब, ग्रीक आणि नॉर्मन परंपरा एकाच इमारतीत एकत्र आलेल्या पाहणे हा तुमच्या आई-बाबांसाठी खरा आनंद ठरेल, असे मला मनापासून वाटते. समुद्राच्या तोंडाशी दगडात कोरलेले जुने धुण्याचे घाट आहेत आणि तेथे अजूनही गोड पाणी वाहते. तुमच्या मुलीला ते नक्की आवडतील. गावामागच्या ला रोक्का या सुळक्यावर मात्र बाबांना नेऊ नये. तो चढ अवघड आहे.

शाकाहारासाठीही सिसिली चांगली आहे. हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पानेल्ले पालेर्मोत रस्त्यावर पावात घालून मिळतात आणि वांग्याची आंबटगोड कापोनाता जवळपास सगळीकडे असते.

सावली

चेफालू मलाही प्रिय आहे, परंतु महिना कोणता हे ठरल्याशिवाय त्याची शिफारस करणे मला धोक्याचे वाटते. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीतच, सिराकुझाजवळ, ४८.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने युरोपातील उच्चांक म्हणून त्याला मान्यता दिली आहे. जुलै २०२३ मध्ये पालेर्मोजवळच्या वणव्यांमुळे तेथील विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला होता. त्याच महिन्यात ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरून हजारो पर्यटकांना हलवावे लागले. सहारातून येणारा सिरोक्को वारा सुटला की सिसिलीत रात्रीही उकाडा कमी होत नाही. आपल्याकडील माणसांना ऊन नवे नाही हे खरे, पण पुण्याच्या घरात दुपारी बारा ते चार आपण सावलीत असतो आणि सहलीला आलेली माणसे नेमकी त्याच वेळी बाहेर असतात.

दुसरी गोष्ट गर्दीची. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्याच्या मागेपुढे अख्खा देश समुद्राकडे निघालेला असतो. चेफालूत २ ते ६ ऑगस्ट या काळात गावाच्या ग्रामदैवताचा, सान साल्वातोरेचा, मोठा उत्सव असतो. तो पाहण्यासारखा आहे, परंतु त्या दिवसांत शांत खोली मिळणे कठीण असते.

जून किंवा सप्टेंबर हे महिने निवडता येतील का? भूमध्य समुद्र हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो, त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले पाणी जूनच्या पाण्यापेक्षा बहुधा अधिक उबदार असते.

इझारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सांतोरिनी, पोझितानो आणि चिंक्वे तेर्रे ही तिन्ही नावे मी यादीतून काढली आहेत.

सावली यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की मुलगी पहिलीत असल्यामुळे शाळेच्या दिवसांत तिला नेता येणार नाही, कारण जर्मनीत सहलीसाठी शाळा बुडवण्याची मुभा नाही. पण बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी इतर राज्यांपेक्षा उशिरा सुरू होते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालते. म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा आम्हाला मोकळा आहे. आई-बाबांचा शेंगेन, म्हणजे युरोपातील सामाईक प्रवासक्षेत्राचा, व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे, त्यामुळे तुर्कस्तान, अल्बानिया, सायप्रस यांचा विचार करता येणार नाही. क्रोएशिया चालेल, कारण तो देश १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

आंबोळी

सप्टेंबरचा पहिला आठवडा असेल तर इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिग्युरिया या प्रदेशाचा विचार नक्की करावा, मात्र चिंक्वे तेर्रेऐवजी त्याच्या अलीकडच्या सेस्त्री लेवान्तेचा. हे गाव एका भूशिराच्या मानेवर वसलेले असून त्याच्या दोन बाजूंना दोन उपसागर आहेत. एकाचे नाव बाया देल सिलेन्त्सियो, म्हणजे शांततेचा उपसागर, आणि दुसऱ्याचे बाया देल्ले फावोले, म्हणजे परीकथांचा उपसागर. हान्स क्रिस्टियन अँडरसन १८३३ साली येथे राहून गेला, त्याच्या आठवणीने हे दुसरे नाव पडले. स्थानकापासून समुद्रापर्यंतचा रस्ता सपाट आहे आणि गाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. एक दिवस लेवान्तो या दुसऱ्या गावी जाता येईल. तेथून बोनास्सोला आणि फ्रामुरापर्यंत जुन्या रेल्वेमार्गाचे बोगदे आता चालण्यासाठी आणि सायकलींसाठी खुले आहेत, त्यामुळे दुपारच्या वेळीही थंडाव्यात चालता येते.

तुमच्या आईंच्या जेवणाबद्दल थोडे तपशिलात लिहिते, कारण या बाबतीत फसगत होण्याचा संभव मोठा आहे. लिग्युरियातील फारिनाता म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढेच. भट्टीत मोठ्या थाळ्यात भाजलेले ते जाडसर धिरडेच आहे. त्रोफिये हा पास्ता पीठ आणि पाण्याचाच असतो, पण ताज्या पास्त्याचे इतर अनेक प्रकार अंडे घालून करतात, म्हणून प्रत्येक वेळी ‘सेंत्सा उओवा’, म्हणजे अंड्याशिवाय, असे विचारून घ्यावे. पेस्तो या हिरव्या चटणीत पार्मिजानो चीज असते आणि खरे पार्मिजानो वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विरजण, घालूनच करतात. आईंना हे चालते की नाही, हे त्यांनाच आधी विचारावे. चालत नसेल तर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानोचा मारिनारा पिझ्झा मागवावा. त्यावर चीज नसते.

दर्यावर्दी

आंबोळी यांच्या सूचनेला एक पुरवणी. जेनोआच्या विमानतळाजवळच्या रेल्वे स्थानकाच्या नावातही ‘सेस्त्री’ आहे, पण ते सेस्त्री पोनेन्ते, म्हणजे पश्चिमेचे. तुम्हाला जायचे आहे ते लेवान्ते, म्हणजे पूर्वेचे. ते जेनोआ शहर ओलांडून बऱ्याच अंतरावर आहे. तिकीट आणि खोली या दोन्हींचे आरक्षण करताना पूर्ण नाव तपासून घ्यावे.

केतकी

स्पेनचे नाव कोणीच घेतले नाही म्हणून आलिकांते सुचवते. हे लहान गाव नव्हे, शहर आहे, पण पोस्तिगेत ही वाळूची पुळण शहराच्या मधोमध आहे. तिच्या समोरच्या डोंगरावरील सांता बार्बारा किल्ल्यावर जायला खडकाच्या पोटातून लिफ्ट आहे, त्यामुळे बाबांना एकही चढ न चढता वरून सगळा समुद्र पाहता येईल. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी ट्रामही सोयीची आहे. मात्र चार दिवसांत मनाला निवांतपणा हवा असेल तर शहर कितपत रुचेल, याचा विचार तुम्हीच करावा.

उत्तरवारा

मी आतापर्यंतची चर्चा लक्षपूर्वक वाचली. सुचवलेली सर्व गावे चांगली आहेत, पण प्रत्येक ठिकाणी म्युनिकहून विमान आणि पुढे रेल्वे, बस किंवा ट्राम असा टप्प्याटप्प्यांचा प्रवास आहे. दोन वडीलधारी माणसे, एक लहान मूल आणि पाच जणांचे सामान घेऊन असे टप्पे बदलणे थकवणारे असते. म्युनिकमध्ये राहणाऱ्यांना भूमध्य समुद्राचा सर्वांत जवळचा कोपरा एड्रियाटिकच्या, म्हणजे इटली आणि क्रोएशियामधल्या समुद्राच्या, उत्तर टोकाला आहे आणि तेथे मोटारीने जाता येते. म्हणून मी इटलीतील ग्रादोचे नाव पुढे ठेवतो.

साल्झबर्ग, टाऊर्न बोगदा, फिलाख, उदिने आणि पाल्मानोवा असा हा मार्ग आहे. रस्ता मोकळा असेल तर साधारण पाच तासांत पोहोचता येते. ऑस्ट्रियाचा महामार्ग परवाना, म्हणजे व्हिन्येट, लागतोच. शिवाय टाऊर्न आणि काचबर्ग बोगद्यांचा पथकर वेगळा द्यावा लागतो. इटलीत नाक्यावर पावती घेऊन बाहेर पडताना पैसे भरायचे असतात. सुट्टीतल्या शनिवारी या मार्गावर भयंकर कोंडी होते, कारण त्या दिवशी निम्म्या युरोपच्या भाड्याच्या घरांची अदलाबदल होत असते, म्हणून गुरुवारी निघून सोमवारी परतावे. वाटेत जेवणासाठी पाल्मानोवाला थांबावे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५९३ साली वसवलेले हे नऊ टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचे तटबंदीचे नगर महामार्गाला लागूनच आहे.

ग्रादो हे खाजण आणि समुद्र यांच्या मधले बेट आहे. आक्विलेयाकडून येणारा रस्ता खाजणातून बांधावरून जातो आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसू लागते. कोकणातल्या माणसाला हा देखावा ओळखीचा वाटेल. येथील पुळण दक्षिणाभिमुख आहे, म्हणून दिवसभर ऊन मिळते. पाणी इतके उथळ आहे, की बरेच अंतर चालत गेले तरी ते कमरेच्या वर येत नाही, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलीसाठी मला याहून सुरक्षित किनारा सुचत नाही. गाव संपूर्ण सपाट आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाने १८९२ साली ग्रादोला आरोग्यस्थान म्हणून मान्यता दिली आणि तेव्हापासून सांधेदुखीची माणसे येथे येत आली आहेत. गरम वाळूत अंग पुरून घेण्याचा उपचार तेथील स्नानगृहात अजूनही केला जातो, परंतु बाबांना तो करायचा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जुन्या गावात सांतेउफेमिया हे इसवी सन ५७९ मधील चर्च असून त्याची मोझेकची फरशी लाटांसारख्या नक्षीची आहे. खरा ठेवा मात्र अकरा किलोमीटरवरच्या आक्विलेयामध्ये आहे. रोमनांनी इसवी सनापूर्वी १८१ मध्ये वसवलेल्या या नगरातील बॅसिलिकेत, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चमध्ये, चौथ्या शतकातील मोझेकची विस्तीर्ण फरशी आहे. नंतरच्या फरशीखाली ती शतकानुशतके झाकलेली होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा उजेडात आली. आता तिच्यावर काचेचे मार्ग बसवले आहेत. जाळी ओढणारे कोळी, मासे, बदके आणि बायबलमधील योनाला गिळणारा समुद्रप्राणी हे सगळे पायांखाली पाहत चालता येते. उन्हाच्या दोन तासांसाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

फणसगरे

उत्तरवारा यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रादोचे पाणी चेफालूसारखे नितळ नसते. नद्यांचा गाळ आणि तळाची बारीक वाळू यांमुळे ते हिरवट, गढूळसर दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तर एड्रियाटिकमध्ये समुद्रावर चिकट तवंग पसरला होता. तो सूक्ष्म शैवालांपासून तयार होतो, उष्ण आणि वारा नसलेल्या दिवसांत वाढतो आणि वादळ आले की विरतो. भूमध्य समुद्राचे नाव काढताच आपल्या डोळ्यांसमोर जी निळाई येते ती हवी असेल, तर लिग्युरिया किंवा सिसिली गाठावी लागेल. आई-बाबा कदाचित एकदाच येतील, तेव्हा त्यांना तो रंग दिसावा असे मला वाटते.

उत्तरवारा

फणसगरे यांचे म्हणणे रास्त आहे. निळाईच्या बाबतीत ग्रादो चेफालूची बरोबरी करू शकत नाही. पण ज्यांना पोहण्याइतकेच पाण्यात नुसते चालणे आवडते, त्यांच्यासाठी उथळपणा हा मोठा गुण आहे, आणि उथळपणा व नितळपणा एकत्र मिळणे एड्रियाटिकच्या या टोकाला तरी कठीण आहे. समोरच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, रोविन्यला, पाणी नितळ आहे, पण तेथे गोटे आणि खडक आहेत. खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, म्हणून रबरी बूट घालूनच पाण्यात उतरावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांनी खडकांवरून उतरणे मला योग्य वाटत नाही.

दर्यावर्दी

बाबांसाठी आणखी एक माहिती. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, असे सर्वत्र सांगितले जाते आणि बहुतेक किनाऱ्यांवर फरक खरोखरच फार थोडा असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला चार मीटरांहून अधिक पाणी चढते, त्यामानाने ते काहीच नाही. पण एड्रियाटिकच्या उत्तर टोकाला हा फरक जवळजवळ एक मीटरपर्यंत जातो. व्हेनिसमध्ये चौकात पाणी चढते त्यामागेही याच टोकाची भरती आणि दक्षिणेचा वारा असतो. ग्रादोला ओहोटीच्या वेळी वाळूचे पट्टे उघडे पडतात. हर्णैला वाढलेल्या माणसाला पाण्याची ही ये-जा पाहून आपलेपणा वाटेल. मुलीला मात्र भरती येत असताना दूरच्या पट्ट्यावर एकटीला जाऊ देऊ नये.

शिवाय या समुद्राचे पाणी अरबी समुद्रापेक्षा अधिक खारट असते, त्यामुळे खोल भागात तरंगणे थोडे सोपे जाते. नद्यांच्या मुखांमुळे ग्रादोला तो फरक कमी जाणवेल.

इझारकाठ

काल रात्री ही सगळी चर्चा मी आई-बाबांना फोनवर वाचून दाखवली. बाबांनी खाजण आणि ओहोटीचा उल्लेख ऐकताच ग्रादोचे नाव पक्के केले. आईला आक्विलेयाची फरशी पाहायची आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी निघून सोमवारी परतायचे, असे आम्ही ठरवले आहे. फणसगरे, चेफालू आम्ही सोडलेले नाही. आई-बाबा परत गेल्यानंतर पुढच्या वर्षी जूनमध्ये, शाळेच्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीत, आम्ही तिघे तेथे जाऊ.

आता तीन प्रश्न आहेत. किनाऱ्यावर छत्री आणि खुर्ची भाड्याने घ्यावीच लागते का? ग्रादोमध्ये आईला काय खाता येईल? आणि सीमेवर आई-बाबांची कोणती कागदपत्रे लागतील?

आंबोळी

जेवणाबद्दल मी लिहिते. ग्रादोचा मुख्य पदार्थ म्हणजे बोरेतो, लसूण, व्हिनेगर आणि भरपूर मिरी घालून केलेले माशांचे कालवण. त्यात टोमॅटो नसतो आणि ते मक्याच्या पोलेंताबरोबर वाढतात. बाबांनी ते अवश्य खावे. आईंसाठी पोलेंता आणि भाजलेल्या भाज्या, साध्या टोमॅटोचा सुका पास्ता आणि मारिनारा पिझ्झा मिळेल. त्या प्रदेशातील बटाटा आणि चीजचा फ्रिको हा पदार्थ चविष्ट असतो, पण त्यातील मोंतासियो चीजबाबत रेनेटचा प्रश्न येतोच. चार रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेले छोटे घर भाड्याने घेतलेत आणि डाळ-तांदूळ बरोबर नेलेत, तर संध्याकाळची चिंता राहणार नाही. घर वरच्या मजल्यावर असेल तर इमारतीला लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

उत्तरवारा

मुख्य पुळणीवर हंगामात प्रवेशशुल्क असते आणि छत्री-खुर्चीचे भाडे रांगेनुसार बदलते. बाबांसाठी पहिल्या दोन-तीन रांगांतली जागा घ्यावी, म्हणजे तापलेल्या वाळूतून फार चालावे लागणार नाही. गावाच्या पश्चिमेला कोस्ता आझ्झुर्रा या बाजूला मोफत पुळण आहे. ती लहान आहे, पण संध्याकाळी सूर्य मावळताना बसायला तीच चांगली.

कागदपत्रांबद्दल : ऑस्ट्रिया आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये असल्यामुळे एका प्रवेशाच्या व्हिसाला अडचण नाही. मात्र जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून तपासणी सुरू ठेवली आहे. परतताना साल्झबर्गच्या पुढे गाड्या थांबवून पारपत्रे पाहिली जातात आणि रांगेत बराच वेळ जाऊ शकतो. आई-बाबांची मूळ पारपत्रे आणि प्रवास विम्याची कागदपत्रे गाडीत हाताशी ठेवावीत, डिकीतल्या पेटीत ठेवू नयेत. तुमचे स्वतःचे जर्मन निवास परवानेही पारपत्रांसह बरोबर लागतील. सोमवारी सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या गर्दीआधी सीमा ओलांडता येईल.